बुरशीचा उपचार आणि साखरेचा हिशेब

२०२१ सालच्या मे महिन्यात वर्ध्याचे नाव एकाएकी देशभरच्या वर्तमानपत्रांतून झळकले. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि तिच्यामागोमाग म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने थैमान मांडले होते. त्यावर चालणारे अँफोटेरिसिन-बी हे इंजेक्शन बाजारातून नाहीसे झाले होते. अशा वेळी वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात या औषधाच्या इमल्शन प्रकाराचे उत्पादन सुरू झाल्याची वार्ता केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने २७ मे रोजी दिली. सात हजार रुपयांच्या घरात मिळणारी कुपी येथून बाराशे रुपयांत मिळणार होती. जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ही घटना होती व तो अभिमान गैरही नव्हता.

मात्र अभिमानाचा भर ओसरल्यावर हिशेबाची वही उघडावी लागते. मधल्या काळात आपण ती उघडलेली नाही. साथ गेली, रुग्णालयांतील स्वतंत्र कक्ष बंद झाले, आणि ‘काळी बुरशी’ हे शब्द लोकांच्या बोलण्यातून जितक्या लवकर आले होते तितक्याच लवकर गेले. रोग मात्र गेलेला नाही. तो करोनाच्या आधी होता, आजही आहे, आणि ज्या जमिनीवर तो फोफावतो ती जमीन, म्हणजे ताब्यात नसलेला मधुमेह, दरवर्षी विस्तारते आहे.

रोगाचे स्वरूप

प्रथम या रोगाविषयीचे काही गैरसमज दूर केले पाहिजेत. म्युकर जातीच्या बुरश्या दुर्मिळ नाहीत. शेणखतात, कुजलेल्या पालापाचोळ्यात, शिळ्या भाकरीवर, ओलसर भिंतीवर त्या वाढतात आणि त्यांची बीजे हवेबरोबर आपल्या सर्वांच्या नाकात रोज जातात. निरोगी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा तेथल्या तेथे निकाल लावतात. या बुरशीचा रंगही काळा नसतो. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, तेथे रक्त गोठते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मृत झालेले मांस काळे पडते. नाकातून सायनसमध्ये, तेथून डोळ्याच्या खोबणीत आणि मग मेंदूत असा तिचा प्रवास असतो. तो कित्येकदा अवघ्या काही दिवसांत पुरा होतो.

जी बुरशी तुमच्याआमच्या नाकातून निरुपद्रवीपणे जाते-येते, ती एखाद्याच्याच जिवावर का उठते? याचे उत्तर बव्हंशी रक्तातील साखरेत आहे. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशींची मारक शक्ती मंदावते. ती फारच वाढून रक्तात आम्ले साचू लागली, म्हणजे वैद्यकीय भाषेत ज्याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात ती अवस्था आली, की रक्तातील प्रथिनांशी बांधलेले लोह सुटे होऊ लागते. या बुरशीला वाढण्यासाठी लोहच हवे असते. थोडक्यात, पहारेकरी झोपलेला आणि कोठाराचे दार सताड उघडे, अशी ही स्थिती होय.

युरोप-अमेरिकेत हा रोग मुख्यतः रक्ताचा कर्करोग झालेल्या किंवा अवयवरोपण केलेल्या रुग्णांत आढळतो. भारतात तो मुख्यतः मधुमेह्यांचा रोग आहे. २०१६-१७ या काळात देशातील १२ रुग्णालयांत आढळलेल्या ४६५ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्ण मधुमेही होते. करोनाचे नावही तेव्हा कोणी ऐकलेले नव्हते. श्रीमंत देशांच्या मानाने भारतात या रोगाचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक असल्याचा इशारा चंडीगढच्या तज्ज्ञांनी साथीपूर्वीच दिला होता. तो वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांतच राहिला.

पुढे करोना आला. त्या विषाणूने स्वतःच अनेकांची साखर बिघडवली आणि त्यात स्टिरॉइड औषधांची भर पडली. येथे न्यायाने बोलले पाहिजे. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने असंख्य प्राण वाचवले. २०२० च्या जून महिन्यात ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक-तृतीयांशाने, तर प्राणवायू लागणाऱ्यांचे एक-पंचमांशाने घटले. मात्र त्याच चाचणीने हेही दाखवले होते की, ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना या औषधाचा काही लाभ नाही. मात्रा दिवसाला सहा मिलिग्रॅम आणि मुदत जास्तीत जास्त दहा दिवस होती. आपल्याकडे हे औषध घरी ताप अंगावर काढणाऱ्यांनाही दिले गेले, अधिक मात्रेत दिले गेले, अधिक दिवस दिले गेले. बहुधा ते देताना रुग्णाची साखर मोजली गेली नाही. स्टिरॉइडने साखर वाढते हे वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. भीतीच्या त्या दिवसांत ते विसरले गेले.

परिणाम आपण पाहिला. जुलै २०२१ मध्ये संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक जणांना हा रोग झाला होता आणि चार हजारांहून अधिक मृत्यू पावले होते. रुग्णसंख्येत महाराष्ट्र आणि गुजरात आघाडीवर होते. जे वाचले त्यांपैकी कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा वरचा जबडा दातांसकट काढावा लागला.

एका उपचाराचे गणित

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात किती फिरावे याला मर्यादा आहे. पुढचा प्रांत मात्र आमचा आहे, कारण तो जमाखर्चाचा आहे.

या रोगात अँफोटेरिसिनच्या लायपोसोमल प्रकाराची नेहमीची मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला पाच मिलिग्रॅम असते. माणूस साठ किलोंचा धरला तर रोजची मात्रा ३०० मिलिग्रॅम झाली. एका कुपीत ५० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे रोज सहा कुप्या लागतात. उपचार तीन ते सहा आठवडे चालतो. आपण कमीत कमी, म्हणजे २१ दिवस धरू. कुपी सात हजारांची असेल तर दिवसाचा खर्च ४२ हजार आणि २१ दिवसांचा ८ लाख ८२ हजार रुपये होतो. इमल्शन प्रकारालाही सामान्यतः हीच मात्रा लागते. ती बाराशेची कुपी घेतली तर हाच खर्च १ लाख ५१ हजार २०० रुपयांवर येतो. हा हिशेब केवळ इंजेक्शनांचा आहे. शस्त्रक्रिया, खाटेचे भाडे, तपासण्या आणि रुग्णासोबत राहणाऱ्याचा बुडालेला रोज त्यात धरलेला नाही.

या औषधाचा जुना, साधा प्रकार बराच स्वस्त आहे हे खरे. परंतु तो मूत्रपिंडाला अपाय करतो आणि मधुमेह्याचे मूत्रपिंड पुष्कळदा आधीच दुबळे झालेले असते. म्हणून ज्याला हा रोग होण्याचा संभव अधिक, त्यालाच स्वस्त औषध सोसत नाही.

आता हे आकडे आपल्या जिल्ह्याच्या मापाने मोजून पाहू. २०२०-२१ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. या भावाने सात हजारांच्या कुपीचा उपचार म्हणजे सव्वादोनशे क्विंटलांहून अधिक सोयाबीन झाले. एकरी पाच-सहा क्विंटल पीक धरले, तर चाळीस एकरांचे सगळे उत्पन्न एका माणसाच्या तीन आठवड्यांच्या इंजेक्शनांत जाते. बाराशेच्या कुपीने हा आकडा ३९ क्विंटलांवर, म्हणजे सुमारे सात एकरांवर येतो. चाळीस एकरांवरून सात एकर ही घट लहान नाही आणि त्याचे श्रेय ज्यांचे आहे त्यांना दिलेच पाहिजे. तथापि आर्वी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील सामान्य कोरडवाहू शेतकऱ्याला विचारावे की, सात एकरांचे एका हंगामाचे सगळे पीक, पेरणी, खत आणि मजुरीचा खर्च वजा न करता, एका दुखण्यात देणे परवडते काय? स्वस्त कुपीसुद्धा त्याला सावकाराच्या दारात नेऊन सोडते.

याच्या शेजारी दुसरा आकडा मांडू. मधुमेहाच्या सामान्य रुग्णाला लागणाऱ्या साध्या गोळ्या आणि अधूनमधून करावयाची साखरेची तपासणी यांचा खर्च दिवसाला दहा रुपये धरला, तर वर्षाला तो ३,६५० रुपये होतो. सरकारी आरोग्य केंद्रातून गोळ्या नेल्यास तोही बराच वाचतो. सात हजारांच्या कुपीने होणाऱ्या एका उपचाराच्या पैशांत अशी २४१ वर्षे निघतील. बाराशेच्या कुपीच्या पैशांतही ४१ वर्षे निघतील. पस्तिसाव्या वर्षी मधुमेह जडलेल्या माणसाचे पुढचे सारे आयुष्य त्यात सांभाळता येईल. एका बाजूला आयुष्यभराची राखण आणि दुसऱ्या बाजूला तीन आठवड्यांची धावपळ, असा हा हिशेब आहे. आपण समाज म्हणून सतत दुसरी बाजू निवडत आलो आहोत.

बाजार का हरला?

औषधाची टंचाई कशी झाली याचाही विचार केला पाहिजे. साखर किंवा कापड महागले की ग्राहक थोडे कमी घेतो, खरेदी पुढे ढकलतो. या इंजेक्शनाच्या बाबतीत त्याला तसे करता येत नाही. आज सहा कुप्या हव्यात म्हणजे हव्यातच, कारण उद्या बुरशी डोळ्याच्या मागे गेलेली असेल. ज्या वस्तूची मागणी किमतीला दबत नाही आणि जिचे उत्पादक मोजके असतात, तिच्या बाजारात विकणाऱ्याची सत्ता अमर्याद होते. एरवी वर्षभरात थोड्याच रुग्णांना लागणारे हे औषध एका महिन्यात हजारोंना लागले. कारखान्याला परवाना मिळून, कच्चा माल येऊन, निर्जंतुक कुपी तयार होऊन बाहेर पडेपर्यंत काळ जातो. रोग तेवढा काळ थांबत नाही.

शासनाने हात बांधून घेतले होते असे म्हणता येणार नाही. केंद्राने राज्यांना औषधाचे वाटप रुग्णसंख्येनुसार सुरू केले आणि हा रोग कळवणे बंधनकारक करण्यास राज्यांना २० मे २०२१ रोजी सांगितले. महाराष्ट्र शासनाने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा उपचार आणला. १२ जून रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरील कर तात्पुरता शून्यावर आणला. ही सारी पावले योग्य होती. ती सारी आग लागल्यावर विहीर खणण्याच्या जातीची होती, एवढेच म्हणावयाचे आहे. रुग्णांचे नातेवाईक तोवर चिठ्ठी हातात घेऊन नागपूरच्या औषध दुकानांचे उंबरे झिजवत होते.

विशेष म्हणजे हे घडले ते वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या आसपास. गांधीजींच्या प्रेरणेने सेवाग्रामला उभे राहिलेले कस्तुरबा रुग्णालय येथे आहे आणि डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेले वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. सावंगी मेघे येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय व मोठे रुग्णालय आहे. औषध बनवणारा कारखानाही आहे. आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला याहून अधिक काय हवे? परंतु ही दोन्ही रुग्णालये वर्धा शहराच्या अंगणात आहेत. आष्टीच्या एखाद्या गावातील बाईचा गाल बधिर झाला, नाक एका बाजूने बंद होऊन त्यातून रक्ताळलेला किंवा काळपट स्राव येऊ लागला, तर ती प्रथम दातांचा विकार समजते, मग सर्दीच्या गोळ्या घेते. सावंगी किंवा सेवाग्रामला पोचेपर्यंत तिचा डोळा सुजलेला असतो आणि आपल्याला मधुमेह आहे हे तिला तेथेच प्रथम कळते. या रोगाच्या रुग्णांत असे कित्येक असतात, ज्यांची साखर आयुष्यात प्रथमच मोजली जाते ती बुरशी झाल्यानंतर.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा केवळ शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग राहिलेला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली, तीत म्युकर वर्गाला वरच्या गटात स्थान आहे. जगाने नोंद घेतली आहे. आपण घेणार आहोत की नाही?

या मातीतला धडा

आपल्याला परदेशी उदाहरणे शोधण्याची गरज नाही. जे. सी. कुमारप्पांनी याच वर्ध्यात, मगनवाडीत बसून ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र मांडले. वस्तूच्या बाजारभावाबाहेर राहणाऱ्या मूल्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बाराशे रुपयांच्या कुपीवर गेलेल्या डोळ्याची किंमत छापलेली नसते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास खेड्यांत ज्वारीच्या रूपाने आरोग्यविमा उभा केला. सुगीच्या वेळी, हातात धान्य असताना, प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या आधारावर गावातली आरोग्यसेवा व सेवाग्रामचे रुग्णालय यांचा लाभ घ्यायचा, अशी ती कल्पना होती. तिचे मर्म असे की, दुखणे येण्यापूर्वी गावाने एकत्र येऊन तरतूद करायची. पायलीभर ज्वारीने जे कळले ते साखरेच्या बाबतीत कळायला अडचण नसावी.

तेव्हा करावयाचे काय? तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासण्याचे धोरण कागदावर आहे. आरोग्य उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नवे नावही मिळाले आहे. नाव बदलल्याने तपासणीच्या पट्ट्या आपोआप येत नाहीत. उपकेंद्रात पट्ट्या आणि मधुमेहाच्या गोळ्या महिन्याचे किती दिवस उपलब्ध होत्या, हा एक साधा आकडा दर ग्रामसभेत वाचून दाखवला जावा. रस्ता आणि नळयोजना यांवर प्रश्न विचारणारे गाव यावरही विचारू लागेल.

स्टिरॉइडची चिठ्ठी लिहिताना तिच्याशेजारी रुग्णाच्या साखरेचा आकडा लिहिलाच पाहिजे, असा दंडक वैद्यकीय संघटनांनी आपणहून घालून घ्यावा. करोना गेला तरी दमा, सांधेदुखी, अंगावरच्या चट्ट्यांसाठी ही औषधे दिली जातातच आणि चिठ्ठीवाचून दुकानातून ती मिळतातही. ‘त्या गोळीने लगेच आराम पडतो’ म्हणून महिनोन्महिने ती घेणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी आहेत.

अँफोटेरिसिनचा मर्यादित पण कायमचा साठा शासनाने विभागवार ठेवावा आणि तो एकाहून अधिक उत्पादकांकडून निश्चित भावाने घ्यावा. मागणी नसताना कारखाने हे औषध बनवत राहणार नाहीत. त्यांना हमी देणे हा अपव्यय नसून विम्याचा हप्ता आहे. आणि जे या रोगातून वाचले, ज्यांचे टाळू किंवा डोळे गेले, त्यांच्या कृत्रिम टाळूची, दातांची, डोळ्यांची तरतूद उपचाराचाच भाग मानली जावी. स्पष्ट बोलता येत नाही, चारचौघांत घास खाता येत नाही, अशा माणसाला ‘बरा झाला’ म्हणून घरी पाठवणे ही कागदोपत्री सोय आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या वर्गासाठी, म्हणजे शिक्षक, कारकून आणि त्यांच्या मुलांसाठी. खुर्चीवरचे काम, वेळी-अवेळी चहा आणि तपासणीची टाळाटाळ ही आपलीच लक्षणे आहेत. विमाहप्त्याची तारीख आपण विसरत नाही. भविष्य निर्वाह निधीची शिल्लक तोंडपाठ असते. परंतु स्वतःच्या रक्तातील साखरेचा आकडा किती जणांना सांगता येईल? शाळेतील शिक्षकाने एका तासात मुलांना एवढेच सांगितले की, आई-वडिलांची आणि आजी-आजोबांची साखर कधी मोजली होती ते घरी विचारून या, तर दुसऱ्या दिवशी वर्गात जमणारी माहिती कोणत्याही सरकारी पाहणीइतकीच बोलकी ठरेल.

अँफोटेरिसिन हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजंतूपासून मिळाले. मातीतल्या रोगावर मातीनेच उपाय दिला. तो उपाय बाराशे रुपयांत आपल्या गावी तयार होऊ शकतो हेही आपण सिद्ध केले. आता त्याची गरज कमीत कमी लोकांना पडावी, यासाठी लागणारी शिस्त मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होणार नाही. ती घराघरांतून, उपकेंद्रांतून आणि दवाखान्यांतूनच यावी लागेल. वर्ध्याने २०२१ मध्ये देशाला स्वस्त कुपी दिली. ती कुपी ज्या जिल्ह्यात क्वचितच फोडावी लागते असा पहिला जिल्हाही वर्धाच व्हावा, ही अपेक्षा अवास्तव आहे काय?